हॉकीची काठी आणि कॉलेजचें दार

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालक व तरुण यांच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिली-समितीनें आम्हांस ह्या सभेंत बोलावयास सांगितलें, तेव्हां विषय आमच्यावरच सोंपविला होता. समितीची अपेक्षा बहुधा अशी असावी कीं, आम्ही धर्मग्रामाच्या इतिहासाविषयीं बोलूं. तो इतिहास आम्हांहून अधिकारी माणसांनीं ह्या पुस्तिकेंत अन्यत्र लिहिला आहे. त्यांत आम्ही भर घालण्यासारखें कांहीं नाहीं. आम्ही आज हॉकीविषयीं बोलणार आहों. पुढच्या बांकांवरील वडील मंडळी एकमेकांकडे पाहूं लागली आहे, हें येथून दिसतें. परंतु त्यांनीं थोडा धीर धरावा.

‘भरती’ हा शब्द ऐकला कीं, आमच्या किनाऱ्यावरील माणसास प्रथम समुद्र आठवतो आणि मग फौज. आज ज्या भरतीविषयीं सांगावयाचें आहे ती ह्या दोहोंहून निराळी आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कॉलेजें आपापल्या खेळांच्या संघांसाठीं शाळेंतील मुलेंमुली हेरून ठेवतात, त्यांस पत्रें लिहितात, कॉलेज पाहावयास बोलावतात, आणि कित्येकांच्या शिक्षणाच्या खर्चाचा कांहीं भाग, क्वचित् सगळाच, स्वतः उचलतात. आपल्याकडे चांगल्या हॉकीपटूस रेल्वे, पोलीस, बँका, तेलाच्या कंपन्या नोकरीसाठीं घेतात. तेथें त्यास कॉलेज शिक्षणासाठीं घेतें. हा फरक प्रथम लक्षांत घ्यावा, कारण पुढच्या पुष्कळशा गोष्टी त्यांतून निघतात.

ह्या विषयांत आम्ही कसे शिरलों तें सांगितलें पाहिजे. सन २०२४ च्या जून महिन्यांत, पहिला पाऊस पडून गेलेल्या एका संध्याकाळीं, आपल्याच धर्मग्रामांतील एक गृहस्थ आमच्या ओटीवर येऊन बसले. त्यांचें नांव आम्ही घेणार नाहीं; ज्यांस तें ठाऊक आहे त्यांनींही तें मनांतच ठेवावें. त्यांची मुलगी नुकतीच बारावीस गेली होती. लहानपणापासून ती हॉकी खेळे, मधल्या फळींत. जिल्ह्याच्या आणि पुढें राज्याच्या मुलींच्या संघांत तिची निवड झाली होती. गृहस्थांनीं पिशवींतून प्लॅस्टिकमध्यें गुंडाळलेला एक कागद काढला. एका मध्यस्थानें करून दिलेला तो करार होता. मुलीस अमेरिकेंतील कॉलेजांत ‘पूर्ण शिष्यवृत्तीवर’ प्रवेश मिळवून देऊं. दोन लाख रुपये आतां द्यावे, आणि शिष्यवृत्ति हातीं पडली कीं तिच्या रकमेच्या प्रमाणांत आणखी द्यावे, असा त्यांतील मजकूर. दोन लाखांसाठीं वाडीचा एक तुकडा गहाण टाकण्याचा बेत ठरला होता. “फादर, आतां फक्त तुमचा आशीर्वाद पाहिजे,” असें ते म्हणाले.

आशीर्वाद द्यावयास कांहीं खर्च येत नाहीं. परंतु कागद वाचल्यावांचून आशीर्वाद देऊं नये, हें सेमिनरीनें नसलें तरी इतक्या वर्षांच्या पॅरिशच्या कामानें आम्हांस शिकविलें आहे. आम्हीं तो कागद दोन दिवसांसाठीं ठेवून घेतला. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले.

हॉकी आम्हांस अगदींच परकी होती असें नाहीं. सेमिनरींत असतांना संध्याकाळच्या तासाभरांत आम्ही ती खेळत असूं, आणि आमच्या उजव्या गुडघ्यावर त्या दिवसांची एक खूण अजून आहे. आमच्या पिढीच्या ख्रिस्ती घरांत हॉकीच्या गोष्टी सांगितल्या जात. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांत मुंबईचा गोलरक्षक लिओ पिंटो होता, हें आम्हांस वडिलांनीं सांगितलें होतें. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेच्या हॉकीचा लौकिक ठाऊक होता. पुण्याच्या एलायझा नेल्सन ह्यांच्या नेतृत्वाखालीं आपल्या महिला संघानें १९८२ च्या दिल्लीच्या एशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकलें, तेव्हां तर आम्ही शाळकरी वयाचे होतों आणि तें चांगलें आठवतें. परंतु अमेरिका म्हटली कीं बेसबॉल आणि बास्केटबॉल, एवढेंच आमचें ज्ञान. तेथें हिरव्या मैदानावरील हॉकी कोणी खेळत असेल, हें आमच्या ध्यानींमनींही नव्हतें; आणि ती मुख्यत्वें मुलीच खेळतात, हें तर मुळींच नव्हतें.

ह्याचें कारण मोठें मौजेचें आहे. १९०१ सालीं कॉन्स्टन्स ॲपलबी नांवाची एक इंग्रज शिक्षिका हार्वर्ड येथें उन्हाळी वर्गासाठीं आली होती. तेथें तिनें हा खेळ लोकांस करून दाखविला, आणि पुढें व्हॅसार, स्मिथ, वेल्स्ली, माउंट होलिओक, ब्रिन मॉर अशा स्त्रियांच्या कॉलेजांतून तो शिकवीत ती हिंडली. ज्या काळीं मुलींनीं धांवणें म्हणजे अमर्यादा, असें तेथेंही पुष्कळांस वाटे, त्या काळची ही गोष्ट. अशा रीतीनें त्या देशांत हॉकी स्त्रियांच्या कॉलेजांतून वाढली आणि ती स्त्रियांचीच राहिली. १९२२ सालीं तिची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ॲपलबीबाई एकशें सात वर्षें जगून १९८१ सालीं वारल्या. आणि त्याच १९८१ सालीं नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन ह्या तेथील मोठ्या संस्थेनें स्त्रियांच्या हॉकीची पहिली अजिंक्यपदाची स्पर्धा भरविली, आणि कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुली ती जिंकल्या. पुरुषांच्या हॉकीची अशी स्पर्धा ती संस्था घेत नाहीं. म्हणून मागच्या रांगेंतील मुलगे मघांपासून डोळे मोठे करून ऐकत आहेत, त्यांस खेदानें सांगावें लागतें कीं, हें दार त्यांच्यासाठीं नाहीं. त्यांनीं ऐकावें तें बहिणींसाठीं.

मुलींसाठीं पैसा कोठून आला, ह्याचेंही कारण आहे. १९७२ सालीं अमेरिकेंत शिक्षणविषयक एक कायदा झाला. त्याच्या नवव्या कलमाप्रमाणें, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेस स्त्रीपुरुष असा भेद करतां येत नाहीं. तेथील फुटबॉल म्हणजे पुरुषांचा खेळ, आणि त्याच्या एकेका संघांत शंभरांच्या आसपास खेळाडू. तितक्या प्रमाणांत मुलींनाही संधि द्यावयाची तर त्यांचे निरनिराळे संघ हवेत. हॉकी त्यांपैकीं एक. कायद्याचें एक कलम आणि एका इंग्रज बाईची पायपीट, ह्या दोहोंमुळें आपल्या वाडींतील मुलीस तेथें जाण्याची वाट निर्माण झाली.

आतां नियमांकडे वळूं. कंटाळवाणे वाटले तरी ते ऐकावे. कागदावर सही करणारांस कंटाळा परवडत नाहीं.

ह्या असोसिएशनचे तीन विभाग आहेत. पहिल्या विभागांत हॉकीचे ऐंशीच्या आसपास संघ आहेत. त्यांत आपल्या कॅथलिक लोकांच्या ओळखीचीं नांवेंही आहेत: बॉस्टन कॉलेज, जॉर्जटाउन, होली क्रॉस, प्रॉव्हिडन्स, व्हिलानोव्हा. फिलाडेल्फियाचें जेझुइटांचें सेंट जोसेफ्स विद्यापीठ तर २०२४ सालीं अंतिम सामन्यापर्यंत पोंचलें आणि तेथें नॉर्थवेस्टर्नकडून हरलें. पहिल्या व दुसऱ्या विभागांत खेळासाठीं शिष्यवृत्ति देतां येते; तिसऱ्यांत मुळींच देतां येत नाहीं. पहिल्या विभागांतील हार्वर्ड, प्रिन्स्टन आदि आठ जुन्या विद्यापीठांचा जो आयव्ही लीग नांवाचा संघ आहे, तोही खेळासाठीं शिष्यवृत्ति देत नाहीं. घरची परिस्थिति पाहून मात्र मदत करतो.

‘पूर्ण शिष्यवृत्ति’ हा शब्द त्या करारांत ठळक छापला होता, म्हणून त्याचा हिशेब करूं. २०२४-२५ ह्या वर्षापर्यंत पहिल्या विभागांतील एका हॉकी संघास जास्तींत जास्त बारा शिष्यवृत्त्या देतां येत, दुसऱ्या विभागांत सहा पूर्णांक तीन दशांश. ह्या बारांचे तुकडे करण्याची मोकळीक होती. संघांत मुली वीस-पंचवीस. म्हणजे घरांत बारा पोळ्या आणि जेवणारीं माणसें पंचवीस. कोणास अर्धी, कोणास पाव, कोणास नुसतें ताट. पुढें, ६ जून २०२५ रोजीं तेथील न्यायालयानें एका मोठ्या तडजोडीस मान्यता दिली. जीं कॉलेजें ती व्यवस्था पत्करतात, त्यांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा राहिली नाहीं. परंतु हॉकीच्या संघांत सत्तावीसांहून अधिक मुली ठेवतां येत नाहींत. पोळ्या वाढवावयास आडकाठी नाहीं, पण पंगतींत पाट मोजून मांडलेले. आणि पोळ्या वाढवाव्या अशी सक्तिही नाहीं, हें विसरूं नये.

पत्रव्यवहाराचेही नियम आहेत. पहिल्या विभागाच्या कोचला मुलीस भरतीविषयीं स्वतः लिहिण्याची वा बोलण्याची मोकळीक मिळते ती तिच्या दहावीचें वर्ष संपल्यावर, १५ जूनपासून. त्यापूर्वीं मुलीनें लिहिलें तर चालतें, पण उत्तर आलें नाहीं म्हणून रडूं नये. त्यास उत्तर देतां येत नाहीं. अकरावीपूर्वींच्या १ ऑगस्टपासून कॉलेज भेटीस बोलावूं शकतें. बारावींत जागें होणाऱ्या मुलीस किती उशीर झालेला असतो तें ह्यावरून समजेल. आम्ही जागे झालों तेव्हां बारावीचे वर्ग सुरू झाले होते.

अभ्यासाचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या वा दुसऱ्या विभागांत खेळावयाचें तर नववीपासून बारावीपर्यंतचे सोळा मुख्य विषय लागतात: पहिल्या विभागासाठीं इंग्रजी चार वर्षांचें, गणित तीन, शास्त्र दोन, समाजशास्त्रें दोन, आणि बाकीचे ह्यांतूनच किंवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान, धर्मांचा तौलनिक अभ्यास ह्यांतून. (आमचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग ह्यांत धरला जात नाहीं, आम्हीं चौकशी केली.) त्या विषयांची गुणांची सरासरी तेथील चारांच्या मापानें पहिल्या विभागासाठीं किमान २.३ आणि दुसऱ्यासाठीं २.२ असावी लागते. जानेवारी २०२३ पासून खेळण्याच्या पात्रतेसाठीं असोसिएशन प्रवेशपरीक्षेचे गुण मागत नाहीं. एखादें कॉलेज आपल्या प्रवेशासाठीं मागूं शकतें.

आणि आतां त्या मध्यस्थाच्या कागदाकडे. त्या गृहस्थांचे एक नातेवाईक पेन्सिल्व्हेनियांत राहतात. त्यांच्या साह्यानें आम्हीं नियमांचें पुस्तक मिळविलें आणि शब्दकोश जवळ घेऊन बसलों. कॅनन लॉ वाचलेल्या माणसास तें फारसें अवघड गेलें नाहीं. कलमें, पोटकलमें आणि अपवाद ह्यांची आम्हांस संवय आहे. त्यांत असें आढळलें कीं, मुलीची माहिती कॉलेजांस पोंचविण्यासाठीं ठराविक फी घेणाऱ्या मंडळीची सेवा घेण्यास हरकत नाहीं. परंतु प्रवेश मिळवून दिल्याबद्दल, किंवा शिष्यवृत्तीच्या रकमेच्या प्रमाणांत जो मोबदला घेतो, त्यास नियमानें ‘एजंट’ समजतात, आणि असा एजंट केल्यानें मुलीची खेळण्याची पात्रताच धोक्यांत येते. म्हणजे ज्या कागदासाठीं वाडी गहाण पडणार होती, तोच कागद तिचें दार लावणार होता. आम्हीं गृहस्थांस बोलावून तें कलम दाखविलें. ते पुष्कळ वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, “मग फादर, आतां कोण लिहिणार?”

लिहावयाचें मुलीनेंच. कोचला बापाचें पत्र नको असतें, आणि पाद्र्याचें तर नकोच. तिनें तिच्या इंग्रजींत लिहिलें: मी कोण, कोठें खेळतें, कोणत्या जागीं, माझे गुण किती, कोणत्या वर्षीं शाळा संपेल. आम्हीं फक्त शुद्धलेखन पाहिलें आणि दोन ठिकाणीं ‘नम्र’ हें विशेषण काढलें. सोबत चित्रफीत जोडावी लागते. कोच हजारों मैलांवर असतो. तो मुलीस पाहणार तो त्या चित्रफितींतच. आपल्या शाळेच्या लाल मातीच्या मैदानावर तिच्या भावानें मोबाइलवर घेतलेली चित्रफीत आम्हीं मोठ्या अभिमानानें पाठविली. एका कोचनें प्रामाणिकपणें कळविलें कीं, चेंडू इतका उसळतो कीं मुलीची चेंडू अडविण्याची हातोटी कळत नाहीं. तेथील मैदानें कृत्रिम गवताचीं, वर पाणी शिंपडलेलीं. चेंडू त्यांवरून सापासारखा सरळ सरपटत जातो. मग चर्चगेटजवळील मुंबई हॉकी असोसिएशनच्या कृत्रिम मैदानावर तिचा सामना होता तेव्हां तिचा भाऊ पहाटेच्या गाडीनें गेला आणि सबंध सामना टिपून घेऊन आला. नुसते गोल नव्हेत, चुकाही. कोचना चुकाही पाहावयाच्या असतात, कारण चेंडू गमावल्यावर मुलगी उभी राहते कीं मागें धांवते, हें त्यांना हवें असतें. आम्हांस हें फार पटलें.

तीस पत्रें गेलीं. सात उत्तरें आलीं. त्यांतलीं चार छापील. सप्टेंबरांत पहिल्या विभागांतील एका कोचचें फार प्रेमळ पत्र आलें, मग दूरध्वनि, मग चित्र दिसणाऱ्या फोनवर घरच्यांशीं बोलणें. “तुमच्या मुलीसाठीं आमच्या संघांत जागा आहे,” असें त्यांनीं सांगितलें. मुलगी हो म्हणाली. तेथें ह्यास तोंडी वचन म्हणतात.

येथें आम्हांस स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारीं, मोठ्या मिस्सानंतरच्या सूचनांत, आम्हीं ही वार्ता ह्या वेदीजवळून जाहीर केली. टाळ्या पडल्या. मुलगी मान खालीं घालून बसली होती. आम्हांस तो विनय वाटला. वास्तविक नियमांच्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, तोंडी वचन कोणावरही बंधनकारक नाहीं, कॉलेजावर नाहीं कीं मुलीवर नाहीं. पूर्वीं ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नांवाचें एक सहीचें पत्र असे. तेंही त्याच ऑक्टोबर २०२४ मध्यें रद्द झालें, आणि आतां कॉलेजनें लेखी दिलेला मदतीचा करार हाच काय तो आधार. हें आम्हीं वाचलें होतें. दुसऱ्याच्या कागदांतील खोट काढणारा माणूस आपल्या आनंदापुढें आंधळा झाला.

जानेवारींत त्या कोच दुसऱ्या कॉलेजांत निघून गेल्या. त्यांच्या जागीं आलेल्यांनीं सभ्यपणें कळविलें कीं, संघांतील जागा कमी होत आहेत, आणि पूर्वीं दिलेलीं तोंडी वचनें त्यांस पाळतां येणार नाहींत. बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती. मुलीच्या आईनें आम्हांस निरोप धाडला कीं, चार रविवार ती दुसऱ्या मिस्साला येईल, मोठ्या मिस्साला नाहीं, लोक विचारतात. त्या निरोपाचें दुःख आम्हांस अजून आहे. तोंडी वचनास भुललों ह्याचें दुःख त्याहून कमी. एका सतरा वर्षांच्या मुलीची गोष्ट तिला न विचारतां सगळ्या गांवाची केली, ह्याचें अधिक.

पुढील भाग थोडक्यांत. तिनें पुन्हां पत्रें लिहिलीं. ह्या वेळीं आमच्याकडे न दाखवितां. मार्चमध्यें दुसऱ्या विभागांतील एका कॉलेजानें लेखी देकार दिला: वर्षाचा एकंदर खर्च अट्ठेचाळीस हजार डॉलर, त्यांपैकीं खेळासाठीं वीस हजार आणि गुणांसाठीं सहा हजार ते सोडणार. राहिले बावीस हजार, म्हणजे वर्षास सुमारें एकोणीस लाख रुपये. चार वर्षांचे जवळजवळ पाऊण कोटी. ओटीवर बसून हा हिशेब आम्हींच केला. आजी म्हणाली, “वाडी विका.” बाप गप्प. मुलगी म्हणाली, “वाडी विकून मी तिकडे जाऊन गोल चुकलें तर? मला झोंप लागेल का, बाबा?” तिनें त्या कॉलेजास नकार कळविला, आभार मानून. त्या रात्रीं आम्हांस वाटलें कीं, ही गोष्ट येथें संपली, आणि चांगल्या रीतीनें संपली.

एप्रिलच्या अखेरीस तिसऱ्या विभागांतील एका लहानशा कॉलेजाचें पत्र आलें. तेथें खेळासाठीं छदामही मिळत नाहीं. परंतु कोचला मुलगी हवी होती म्हणून तिनें मुलीचा अर्ज प्रवेशाच्या कचेरीच्या नजरेस आणला, आणि कचेरीनें तिचे गुण आणि घरची परिस्थिति पाहून आपल्या निधींतून इतकी मदत दिली कीं, सत्तर हजारांपैकीं नऊ हजार डॉलर तेवढे उरले. दहावीस तिला एक्याण्णव टक्के होते. ह्याचें श्रेय आईचें. बीजगणिताचीं उदाहरणें संपल्यावांचून काठी हातीं द्यावयाची नाहीं, असा त्या माउलीचा नियम होता, आणि त्यावरून घरांत वर्षानुवर्षें भांडणें होत. जें दार काठीनें उघडावयाचें असें सगळे समजत होतों, तें बीजगणितानें उघडलें; काठीनें फार तर ठोठावलें. नऊ हजारांपैकीं निम्मे कुवेतचा मामा देतो, निम्म्यांसाठीं पतपेढीचें कर्ज काढलें. वाडी जागच्या जागीं आहे.

येथें बसलेल्या कांहीं मुलींच्या डोळ्यांपुढें एरिन मॅटसन हिचें नांव असेल. दोघींनीं आम्हांस तिच्याविषयीं विचारलें आहे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संघांतून ती चार वेळां अजिंक्यपद जिंकली, आणि जानेवारी २०२३ मध्यें, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, त्याच संघाची मुख्य कोच झाली. त्याच सालीं तिच्या हाताखालीं संघ पुन्हां जिंकला. तिच्यापूर्वीं त्या जागीं कॅरन शेल्टन ह्या बेचाळीस वर्षें होत्या. हें सगळें खरें आहे आणि ऐकून आनंद होतो. पण अशी मुलगी एका पिढींत एक. हॉलंड, जर्मनी, इंग्लंड, अर्जेंटिना येथून पुष्कळ तयारीच्या मुली तेथें दरवर्षीं जातात. त्यांच्या मानानें आपल्याकडील नांवें तेथें विरळा, आणि अनोळखी नांवावर विश्वास टाकावयास कोच कचरतात. आम्ही ज्या मुलीची गोष्ट सांगत आहों, ती गेल्या ऑगस्टांत गेली. हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत असतो. पहिल्या हंगामांत ती बहुतेक सामने बांकावर बसून होती. पांच सामन्यांत मिळून तिला उणापुरा एक तास खेळावयास मिळालें.

तिचें पत्र नाताळापूर्वीं आलें. सूचनांत वाचून दाखवूं नये, अशी ताकीद पहिल्याच ओळींत आहे. परंतु ह्या सभेंत त्यांतील थोडें सांगण्याची परवानगी आम्हीं ह्या वेळीं आधीं मागून घेतली. ती लिहिते कीं, सकाळीं मैदानावरील पाणी इतकें गार असतें कीं बोटें काठीवर आहेत कीं नाहींत तें कळत नाहीं. जेवणांत भात आहे, पण तो भात नव्हे. प्रवासांत बसमध्यें सगळ्या मुली पुस्तकें उघडून बसतात, कारण सोमवारीं परीक्षा असते. तिच्या शेजारीं बांकावर बसणारी मुलगी रॉटरडॅमची आहे, आणि दोघींनीं मिळून पेनल्टी कॉर्नरची एक युक्ति बसविली आहे, ती कोचला अजून दाखविलेली नाहीं. धाकट्या भावानें तिची जुनी काठी क्रिकेटचे स्टंप ठोकावयास वापरूं नये, असेंही कळविलें आहे.

आठवी-नववींतील ज्या मुलींस ह्याविषयीं विचारावयाचें असेल, त्यांनीं येत्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सानंतर ऑफिसांत यावें. गुणपत्रिका आणाव्या, काठी आणावयाचें कारण नाहीं. आणि कोणत्याही कागदावर सही केलेली असल्यास तो कागद आधीं दाखवावा.